‘तुम्ही मूळचे कुठले?’ : एकाच सोलापुरातली अनेक सोलापुरं

प्रश्न थोडक्यात असा : बदलीमुळे नाशिकहून सोलापूरला येऊन दोन वर्षं झाली. जुळे सोलापूर या उपनगरात भाड्यानं राहते. मला इथं ऊन, धूळ आणि चार-पाच दिवसांआड येणारं पाणी एवढंच दिसतं. कार्यालयातल्या एक सहकारी मात्र त्याच रस्त्यांबद्दल बोलताना हळव्या होतात. माझं बघणं चुकतंय, की त्या भावनेच्या भरात बोलतात? आणि ‘तुम्ही बाहेरच्या का?’ हे विचारणं कधी थांबतं?

ताई, तुमचं बघणं चुकलेलं नाही. ऊन आहे, धूळ आहे, पाण्याची रड तर आहेच. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की इथंच जन्मलेला माणूसही सावली शोधतो. तुमच्या सहकारीही वाढवून सांगत नाहीत. त्यांना त्या रस्त्यावर चाळीस वर्षं दिसतात, तुम्हाला दोन. हा फरक नजरेचा कमी आणि देण्याघेण्याचा जास्त, असं माझं मत आहे. ते कसं, ते सांगतो.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातल्या भूमचा. सोलापूरच्या वस्त्यांमध्ये समाजकार्य करायला आलो त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. घरकुलांची सर्वेक्षणं, बचत गट, पुनर्वसनाची कामं असं बरंच केलं. या सगळ्यात माझं आवडतं हत्यार म्हणजे कोरा कागद. समोरच्याला पेन द्यायचं आणि म्हणायचं, ‘तुमचं सोलापूर काढा.’ युक्ती माझी नव्हे. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकारानं बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांकडून असे नकाशे काढून घेतले होते. मनातलं शहर वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा या पाच गोष्टींनी उभं राहतं, असं त्यानं 1960 मध्ये मांडलं. ते खरं आहे, पण सोलापुरात कागद फिरवल्यावर मला त्यात एक सहावी गोष्ट सापडली : माणसं. इथला जुना रहिवासी चौक काढतो आणि चौकात कोण बसतं तेही लिहितो.

होटगी रोडवरच्या एका अधिकाऱ्यानं काढलेल्या नकाशात स्टेशन, सात रस्ता, आसरा, विजापूर रोड, मुलांची शाळा एवढं नीट आलं होतं. तुळजापूर वेशीच्या पलीकडे कागद पांढरा. साखर पेठेतल्या विडी वळणाऱ्या एका बाईंनी काढलं ते असं : घर, नळ, विडी कारखाना, मार्कंडेय मंदिर, बहिणीचं घर, दवाखाना. त्यात स्टेशन नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘कुठं जायचंय म्हणून काढू?’ जन्मापासून त्या इथंच, तरी अर्ध्याहून जास्त सोलापूर त्यांचं नाही. अधिकारी बाहेरचा, त्याचंही अर्धं शहर कोरं. दोघांचे कागद एकावर एक ठेवले तर जेमतेम सिद्धेश्वर मंदिर जुळलं. म्हणून ‘इथले’ आणि ‘बाहेरचे’ असे दोन सरळ गट पाडू नका. इथलाही आपल्या गावात ठिकठिकाणी बाहेरचाच असतो.

आता माझीच एक गोष्ट. नवा होतो तेव्हा पूर्व भागात खोली घेतली, भाडं परवडेल म्हणून. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. रात्रभर खटखट, खटखट. पहिला महिना कानात कापूस घालून काढला. मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांना एकदा वैतागून विचारलं, ‘तुम्हाला झोप कशी लागते हो?’ त्यांना माझा प्रश्नच कळेना. एका रात्री मात्र दोनच्या सुमारास अक्का अंगणात उभ्या दिसल्या. शेजारपाजारच्या बायकाही बाहेर. लाईट होती, तरी माग बंद पडले होते. आवाज थांबल्यानं त्यांना जाग आली होती. सुताचा भाव चढलाय, मालानं गोदाम भरलंय, मालक पाळी कमी करणार, असं सगळं त्या शांततेत त्यांना ऐकू आलं. मला मात्र ‘चला, झोप लागेल’ एवढंच वाटलं. सहा-सात महिन्यांनी असाच एकदा माग थांबला आणि मीही जागा झालो. त्या दिवशी मला कळलं की आपण आता इथं राहायला लागलो.

जुन्या माणसांच्या कानात तर न वाजणारे भोंगेही आहेत. 1877 च्या सुमारास सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. गिरणीच्या भोंग्यावर घरातला स्वयंपाक, मुलांची शाळा, दुकानाची फळी सगळं चालायचं. गिरण्या एकेक करत बंद पडल्या. तुम्हाला त्या आवारात पडक्या भिंती आणि झुडपं दिसतात, आणि तिथं तेवढंच आहे. पण वडील तिथं खात्यात होते त्या माणसाला बोनसचा दिवस आणि संपाचे महिने दिसतात. तो काही तुमच्याहून जास्त संवेदनशील नाही. त्याचं पोट तिथं अडकलेलं होतं.

पोट अडकलेलं असलं की एकच वस्तू दोन माणसांना किती वेगळी दिसते, ते 2023 च्या जूनमध्ये साऱ्या शहरानं पाहिलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानतळाला अडथळा म्हणून पाडली. कुणासाठी ती मुंबईच्या विमानाच्या आड येणारी नळकांडी होती. ऊस घालणाऱ्या सभासदाला ती आपल्या शेअरमधून उभी राहिलेली दिसत होती. त्या दिवशी एकाच चौकात एक जण मोबाईलवर चित्रण करत होता आणि शेजारचा डोळे पुसत होता. कोण बरोबर, हा वाद मी इथं उकरत नाही.

पाण्याचंही तसंच. तुमच्यासाठी ‘चार-पाच दिवसांआड’ ही तक्रार आहे. जुन्या वस्तीतल्या बाईला ते वेळापत्रक आहे : पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, पाणी सोडणारा चावीवाला कोण, त्याचा फोन कुणाकडं, रात्री दोनला पाणी आलं तर गल्लीत हाक कुणी द्यायची. पण इथं मी तुमच्या बाजूनं बोलेन. सवयीमुळं माणसाला खटकणं बंद होतं. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना शहराला रोज पाणी का नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा नव्यानं आलेल्यांनीच विचारलाय. आमच्याकडं त्याला ‘हितं असंच असतंय’ हे उत्तर तयार असतं. आपलेपणानं नजर भरते तशी बोथटही होते.

नावांचं बघा. तुमचा मोबाईल ‘धर्मवीर संभाजी तलाव’ दाखवतो, रिक्षावाला म्हणतो ‘कंबर तलाव’. बाळी वेस, तुळजापूर वेस, कुंभार वेस, विजापूर वेस : वेशी आता शोधून सापडत नाहीत, पण पत्ता त्यांच्यावरूनच सांगतात. 1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली. त्या भागाला अजूनही ‘हद्दवाढ’ म्हणतात. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ महापालिकेचा कर भरून ती वस्ती बोलण्यात वेशीबाहेरच! तुमचं जुळे सोलापूरही तसंच. जुन्या शहरात मधल्या मारुतीपाशी राहणाऱ्या एका आजोबांचा मुलगा तिकडं बंगल्यात गेला, तेव्हा ते म्हणाले, ‘पोरगा सोलापूर सोडून गेला बे.’ अंतर पाच-सहा किलोमीटर असेल.

‘मूळचे कुठले’ हा प्रश्न तुम्हाला टोचतो, पण तो तुमच्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही. पूर्व भागातले पद्मशाली विणकर एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून आले, दुष्काळ आणि हातमागाच्या कामापायी. चार-पाच पिढ्या झाल्या. चादर आणि टॉवेल यांच्या जिवावर या शहराचं नाव देशभर गेलं, त्यात त्यांचा वाटा मोठा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा निम्मं शहर रस्त्यावर असतं. तरीही घरात तेलुगू बोलणाऱ्या तरुणाला मुलाखतीत ‘मूळचे कुठले?’ विचारतातच. एका पोरानं मला सांगितलं, ‘सर, आजोबांच्या गावाला लग्नाला गेलो तर तिकडं मला सोलापूरवाला म्हणतात, तेलुगू ऐकून हसतात. हितं आलो की मी आंध्राचा.’ आणि आंध्राचाही नाही, तेलंगणाचा, पण ते सांगत बसायचा त्याला कंटाळा आला होता. अशा माणसाला सोलापूर कसं दिसतं? माझ्या अनुभवात फार बारकाईनं दिसतं. हक्क सिद्ध करावा लागणारा माणूस गावाची माहिती तोंडपाठ ठेवतो. 1931 मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन अशी एका दमात सांगणारा मला तोच भेटला होता. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषांत शिव्या ऐकून घेणारा माणूस म्हणजे सोलापूरकर, अशी त्याची व्याख्या होती. मला ती पटते.

याहून कठीण उदाहरण सेटलमेंटचं. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पुढं तारही निघाली. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव राहिलं. मी तिथं कामाला जायचो तेव्हा माझेच मित्र म्हणायचे, ‘संध्याकाळी थांबू नको.’ थांबलो. चहा मिळाला, भजन ऐकलं, गाडी जागेवर होती. तिथली एक आजी त्या जागेला ‘कुंपण’च म्हणायची आणि त्याच दमात ‘माझं माहेर’ही म्हणायची. जिथं आपल्या बापाला कोंडलं तेच गाव आपलं, ही गाठ कुठल्याही नकाशात बसत नाही. भोगही देण्याघेण्यातच मोडतो. कॉलनीतल्या पोरांचा नकाशा मात्र सोपा असतो. त्यात पोलीस चौकी सगळ्यात मोठी काढलेली असते, सिद्धेश्वर मंदिरापेक्षाही.

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीचा अहवाल लिहिताना मी एका तुकड्याला ‘मोकळी, वापरात नसलेली जागा’ असं लिहिलं आणि तिथं बाग सुचवली. दुपारी पाहणीला गेलो होतो, रिकामी दिसली. बाग झाली, कुंपण आलं, कुलूप आलं. मग कळलं की सकाळी तिथं बायका चादरी वाळवायच्या, उन्हाळ्यात पापड-कुरडया, लग्नात मांडव, मयताला माणसं बसायची. तिथल्या एका बाईंनी मला शिवी दिली नाही, पण ‘सायेब, तुमी दुपारी आलावता’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून ‘वापरात नसलेली’ हा शब्द मी अहवालात लिहीत नाही. बाहेरच्या माणसाला जागा रिकामी दिसते, कारण तिचा वापर ज्या वेळेला होतो त्या वेळेला तो तिथं नसतो.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर सोलापूरजवळच्या नान्नजकडे झाली. माळरान हे कागदोपत्री पडीक. धनगराला ते कुरण, मेंढरांचं वर्षाचं गणित. पक्षी बघणाऱ्याला ते माळढोकाचं घर. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आत. दूर बसून ओढलेल्या रेषेत राहणाऱ्यांना एके दिवशी कळलं की आपण अभयारण्यात राहतो. पुढं क्षेत्र बरंच कमी केलं, पण तोवर पक्ष्याबद्दल गावांत राग साठला होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळावर तो पक्षी आणि मेंढरं शेजारी चरली, तिथलाच माणूस त्याला ‘सरकारचा पक्षी’ म्हणायला लागला. हल्ली माळढोक दिसला तर बातमी होते.

एडवर्ड रेल्फ या भूगोलाच्या अभ्यासकानं 1976 मध्ये जागेच्या ‘आत’ आणि ‘बाहेर’ असण्याच्या सात पायऱ्या मांडल्या. एका टोकाला कुठलीच जागा आपली न वाटणारा माणूस, दुसऱ्या टोकाला विचारही न करता जागेचा झालेला. मधल्या पायऱ्यांपैकी दोन तुमच्या कामाच्या आहेत. एकीवर माणूस जागेला केवळ आपल्या कामाची पार्श्वभूमी समजतो. दुसरीवर तो मुद्दाम कान उघडे ठेवून जागेचं ऐकतो. तुमची दोन वर्षं पहिलीवर गेली, असं मला वाटतं. बदलीची नोकरी, भाड्याचं घर, शनिवारी नाशिकची बस : दुसरं होणार तरी काय?

दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी शहर आवडावं लागतं, हा समज आधी काढून टाका. किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. विद्यार्थी असताना मी तिथं मदतीला होतो. नवी गावं कागदावर छान : सरळ रस्ते, सुटी घरं, झाडांना जागा. एक म्हातारी म्हणाली, ‘हाक ऐकू जात न्हाई.’ जुन्या गल्लीत एका हाकेत चार घरं उठायची, इथं शेजार हाकेच्या बाहेर गेला. कुंभारीच्या रे नगरमध्येही मला हेच दिसलं. 30 हजार घरांची वसाहत, त्यातली 15 हजार 2024 च्या जानेवारीत कामगारांना मिळाली. झोपडीतून आलेल्या बाईला पक्क्या घराचं कौतुक आहे, असायलाच हवं. पण दवाखाना जुना, किराणा जुना, सण जुन्या पेठेत. एकीला विचारलं, ‘घर कसं आहे?’ म्हणाली, ‘घर ब्येस हाय. पर हितं उधारी चालत न्हाई अजून.’

मला आपलेपणाची याहून चांगली मोजपट्टी सापडलेली नाही. उधारी म्हणजे दुकानदाराला तुम्ही उद्या येणार याची खात्री. तुम्ही मोबाईलवरून किराणा मागवत असाल तर दोन वर्षं काय, दहा वर्षं राहिलात तरी गल्लीला तुमची उद्या वाट बघायचं कारण नाही.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचंच घ्या. संक्रांतीच्या सुमाराला तुम्हाला होम मैदानाची धूळ, बंद रस्ते आणि पाळण्यांचा गोंगाट दिसला असेल. सिद्धरामेश्वरांचं हे सोन्नलगी, म्हणजे सोलापूरचं जुनं नाव. बाराव्या शतकात त्यांनी लोकांना बरोबर घेऊन तळं खणलं, असं इथली परंपरा सांगते, आणि त्याच तळ्यात मंदिर उभं आहे. सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, 68 लिंगांना प्रदक्षिणा घालतात. काठी पेलणारे कित्येक दिवस आधीपासून सराव करतात. पांढऱ्या बाराबंदीतला तो तरुण वर्षभर सोलापूरला नावं ठेवत असतो, ‘हितं काय ठेवलंय बे, पुण्याला जायला पाहिजे.’ पण त्याच्या घराण्याकडं मान आहे. त्या दिवशी तो नसला तर काठी अडेल. पुण्यात नोकरीला गेला तरी त्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसनं परत येतो, कारण त्याच्या वाचून अडणारं काहीतरी इथं आहे. आवडणं वगैरे त्याच्या मनात नंतर येतं, आलं तर.

तुम्हाला मान नाही, मिळणारही नाही. पण अडणारं काम लहानही चालतं. तुमच्या इमारतीत पाणी आलं की मोटार लावायची जबाबदारी एका आठवड्यासाठी घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात वही उघडा, महिन्याला चुकती करा. त्या सहकारी बाईंना ‘सोलापुरात बघण्यासारखं काय?’ असं विचारू नका. त्या किल्ला सांगतील, आणि किल्ला तुम्ही पाहिलाच असेल. ‘तुमच्या शाळेच्या वाटेनं एकदा मला घेऊन चला’ म्हणा. त्या वाटेत ‘इथं आधी काय होतं?’ हा एकच प्रश्न विचारत राहा. शेंगाचटणी कुठली चांगली, यावर दोघा सोलापूरकरांचं भांडण लागलं तर मध्ये पडू नका, ऐका. त्यात अर्ध्या पेठांचा इतिहास निघतो.

आणि हे सगळं करून नाहीच जमलं तर अपराधी वाटून घेऊ नका. तीन वर्षांत बदली होणाऱ्या माणसावर गाव प्रेम मागत नाही. तुमची बाहेरची नजर पाण्याच्या अर्जावर सही करायला वापरा, आम्हा सवय झालेल्यांना तिची गरज आहे.

‘तुम्ही बाहेरच्या का?’ हे कधी थांबतं, याचं खरं उत्तर : मला अजून विचारतात. फरक एवढाच की आता ‘भूमचे’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘मग हितं कुणाच्या शेजारी राहता?’ आणि त्याचं उत्तर माझ्याकडं असतं.

आजच्या तारखेला एक नकाशा काढून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरा काढा. मोबाईल बाजूला ठेवून. कागद मोठा घ्या आणि जुळे सोलापूर खालच्या कोपऱ्यात काढा, म्हणजे पूर्व भागाला जागा उरेल.